वादळातला तत्त्वज्ञ

ऑलस गेलियस हा दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ग्रीसकडून इटलीतल्या ब्रुंडिझियम बंदराकडे निघाला असताना आयोनियन समुद्रात त्याचे जहाज वादळात सापडले. रात्रभर जहाजात पाणी शिरत होते, प्रवासी आक्रोश करत ते उपसत होते आणि उजाडल्यावरही वारा थांबायचे नाव घेत नव्हता. त्याच जहाजावर अथेन्समधला एक नामवंत स्टोइक तत्त्वज्ञ होता. मरण समोर उभे असताना हा माणूस कसा वागतो ते पाहावे म्हणून गेलियसने मुद्दाम त्याच्याकडे नजर टाकली. तत्त्वज्ञ रडत-ओरडत नव्हता, पण त्याचाही चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला, की मी घाबरलो नाही आणि तुम्ही तत्त्वज्ञ असून घाबरलात. नंतर गेलियसने हाच प्रश्न आदराने विचारला, तेव्हा त्या तत्त्वज्ञाने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा खंड काढून त्याला दाखवला. हा खंड आज नष्ट झाला आहे. गेलियसने आपल्या ग्रंथात त्यातला जो आशय नोंदवला तेवढाच आपल्यापर्यंत आला. तो असा: एकाएकी गडगडाट झाला, काही कोसळले किंवा संकटाची बातमी आली, तर शहाण्या माणसाचेही मन क्षणभर हादरते आणि त्याचा चेहरा उतरतो. ते त्याच्या हातात नसते. पण 'हे माझे वाईट झाले' असे जे विधान त्या क्षणी मनात उभे राहते, त्याला मान्यता द्यायची की नाही, हे मात्र त्याच्या हातात असते. अविचारी माणूस ती मान्यता लगेच देऊन टाकतो. शहाणा थांबतो, तपासतो आणि नाकारतो.

स्टोइक तत्त्वज्ञान समजून घ्यायला मला या प्रसंगाइतकी चांगली सुरुवात दुसरी दिसत नाही, कारण त्याच्याविषयीचे दोन मोठे गैरसमज इथे एकदमच उघडे पडतात. पहिला गैरसमज जुना आहे: स्टोइक म्हणजे ज्याला काही वाटतच नाही असा दगडी काळजाचा माणूस. दुसरा अलीकडचा आहे आणि तो अधिक नुकसान करतो: सुख आपल्या आतच आहे, तेव्हा बाहेरच्या जगाचा त्रास करून घेऊ नका, अन्याय, नाती, जबाबदाऱ्या यांपासून मन सोडवून घ्या आणि शांत राहा. स्टोइकांनी सुख माणसाच्या आत ठेवले हे खरे आहे. पण त्यांनी ते ठेवले निवाडा करण्याच्या क्षमतेत, आणि निवाडा हा नेहमी कशाचा तरी करावा लागतो. समोर संकट, मोह, माणूस, काम, अपमान यांपैकी काहीच नसेल, तर त्या क्षमतेला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून स्टोइकांचे आतले सुख जगापासून दूर गेल्याने मिळणारे नाही. ते जगात वावरताना, त्याच्याशी नीट वागतानाच घडते. हा दावा त्यांच्या ग्रंथांतून आणि त्यांच्या वागण्यातून कितपत सिद्ध होतो, आणि तो कुठे तोकडा पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

या विचारपंथाचा प्रवर्तक झेनो हा सायप्रस बेटावरच्या किटियम गावचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा किमती माल घेऊन जाणारे त्याचे जहाज अथेन्सजवळ फुटले, असे प्राचीन चरित्रकार सांगतात. अथेन्समध्ये एका पुस्तकविक्रेत्याकडे बसला असताना त्याच्या कानावर सॉक्रेटिसच्या आठवणी पडल्या आणि अशी माणसे कुठे भेटतील, असे त्याने विचारले. इ.स.पू. 300च्या सुमारास तो स्वतः शिकवू लागला. त्याची जागा होती अथेन्सच्या भर बाजारचौकाच्या कडेची चित्रांनी सजवलेली एक खांबांची ओसरी. मॅराथॉनच्या लढाईचे प्रसिद्ध चित्र तिथेच होते. या ओसरीचे अवशेष 1981च्या उत्खननात सापडले. प्लेटोची अकादमी नगराच्या तटाबाहेरच्या उपवनात होती, एपिक्युरसने आपल्या मित्रमंडळींसाठी बाग घेतली होती. झेनो मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानावर पडेल अशा जागी शिकवत होता.

इतिहासाच्या अनेक पुस्तकांत एक स्पष्टीकरण असते. इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर वारला, ग्रीक नगरराज्यांचे स्वातंत्र्य गेले, नागरिकाच्या हातात काही उरले नाही, म्हणून निराश झालेली माणसे आत वळली आणि त्यातून हे तत्त्वज्ञान जन्मले. हे ऐकायला पटते, पण पुराव्याला धरून नाही. सद्गुण हाच सुखाचा गाभा, हा विचार सॉक्रेटिसचा, आणि सॉक्रेटिस इ.स.पू. 399 मध्ये, स्वतंत्र अथेन्समध्ये, त्याच नगराच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेने मेला. शिवाय निराश होऊन आत वळलेली माणसे राजकारणात पडत नाहीत. झेनोच्या परंपरेतला स्फेरस स्पार्टाचा राजा तिसरा क्लिओमेनिस याच्याबरोबर होता, आणि त्या राजाने कर्जे रद्द करून जमिनीचे फेरवाटप केले. क्युमे गावचा स्टोइक ब्लोसियस रोममध्ये टायबेरियस ग्रॅकसच्या जमीनसुधारणेच्या पाठीशी उभा राहिला. इ.स.पू. 133 मध्ये ग्रॅकसची हत्या झाल्यावर तो आशिया मायनरमध्ये अरिस्टोनिकसच्या बंडात सामील झाला. त्या बंडात गुलामांना स्वातंत्र्याचे वचन दिलेले होते. बंड फसले आणि ब्लोसियसने स्वतःचे जीवन संपवले. प्रत्येक स्टोइक असा होता असे नाही, पण पंथाचा कल माघारीकडे होता असे म्हणायला ही माणसे जागा ठेवत नाहीत.

मग 'आत' नेमके काय घडते? पंथाचा तिसरा प्रमुख क्रिसिपस याने याचा सर्वांत खोल विचार केला. त्याच्या नावावर सातशेहून अधिक ग्रंथ होते, त्यातला एकही पूर्ण उरला नाही. दुसऱ्यांनी घेतलेल्या उताऱ्यांवरून त्याचे म्हणणे जुळवावे लागते. बाहेरची घटना मनावर ठसा उमटवते. तो ठसा नुसता चित्रासारखा नसतो, त्यात एक विधान दडलेले असते: 'याने माझा अपमान केला आणि अपमान ही वाईट गोष्ट आहे.' मन त्या विधानाला संमती देते, आणि संमती दिली की राग येतो. म्हणजे राग ही बाहेरून येऊन आपल्यावर कोसळणारी लाट नाही. त्यात आपली सही असते. रोमन स्टोइक सेनेकाने 'क्रोधाविषयी' या ग्रंथात याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिला झटका अनैच्छिक, थंड पाणी अंगावर पडल्यावर येणाऱ्या शहाऱ्यासारखा. दुसऱ्या पायरीवर मन म्हणते की मला दुखावले गेले आहे, तेव्हा सूड घेणे योग्य आहे. इथे अजून परतता येते. तिसऱ्या पायरीवर योग्य-अयोग्य काही न पाहता सूड हवाच असतो, आणि तिथे विचाराचा पराभव झालेला असतो. सारी साधना दुसऱ्या पायरीवर करायची आहे. जहाजावरच्या तत्त्वज्ञाचा पांढरा चेहरा पहिल्या पायरीवरचा होता, आणि पहिल्या पायरीवर कोणीच दोषी नसतो.

हे तपासण्याचे काम ज्याने रोजच्या सवयीचे केले तो एपिक्टेटस हा गुलाम होता. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसमध्ये इ.स. 50च्या आसपास तो जन्मला. त्याचा मालक एपाफ्रोडिटस स्वतः मुक्त झालेला गुलाम आणि सम्राट नीरोच्या दरबारातला वजनदार माणूस होता. एपिक्टेटस पायाने अधू होता. मुक्त झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोपोलिसला गेला आणि तिथे त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काहीच लिहिले नाही. अ‍ॅरियन नावाच्या शिष्याने टिपून घेतलेल्या प्रवचनांचे चार खंड आणि त्यातून काढलेली एक छोटी पुस्तिका उरली आहे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ही त्याची विभागणी आज भिंतीवरच्या सुविचारांतही दिसते, पण बहुधा अर्धीच. मते, इच्छा, ओढ, नावड ही आपली. शरीर, संपत्ती, लौकिक, पद ही आपली नाहीत. यावरून लोक निष्कर्ष काढतात, की जे हातात नाही त्याकडे दुर्लक्ष करा. एपिक्टेटस असे म्हणत नाही. प्रवचनांच्या दुसऱ्या खंडात तो समुद्रप्रवासाचेच उदाहरण घेतो. तांडेल कोण, खलाशी कोण, निघायचा दिवस कोणता, वेळ कोणती, हे मी काळजीपूर्वक निवडायचे. मग वादळ आले तर ती गोष्ट माझ्या अधिकाराबाहेरची. वस्तू स्वतः चांगल्या-वाईट नसतात, पण त्यांचा वापर चांगला किंवा वाईट असतोच, आणि वापराबाबत बेफिकीर राहायची मुभा तो कोणालाही देत नाही. स्टोइकांच्या मते आरोग्य आजारापेक्षा पसंत करण्याजोगे आहे, अन्न उपासमारीपेक्षा, मित्र एकाकीपणापेक्षा. फक्त ते मिळाले नाही तर आपण माणूस म्हणून कमी ठरत नाही.

यातून आनंद कुठून येतो, असे कोणी विचारेल. ही तर नुसती राखणदारी झाली. इथे स्टोइकांचे भावनांचे वर्गीकरण उपयोगी पडते, आणि त्याची दखल फारच कमी घेतली जाते. त्यांनी चार विकार मानले: हाव, भीती, धुंद करणारे सुख आणि दुःख. त्यांच्या शेजारी तीन निरोगी भावनाही मानल्या: हावेच्या जागी विचारी इच्छा, भीतीच्या जागी सावधपणा, आणि धुंदीच्या जागी आनंद. दुःखाला निरोगी जोडीदार त्यांनी दिला नाही, आणि ही त्यांची उणीव पुढे नडते. पण शहाण्या माणसाच्या मनात काही उमटतच नाही हा समज या यादीने खोटा ठरतो. मित्रप्रेम, जिव्हाळा, सद्भावना हे सारे त्यांनी विचारी इच्छेच्या पोटात घातले होते. सेनेका आपला मित्र ल्युसिलियस याला एका पत्रात आग्रहाने सांगतो, की सर्वांत आधी आनंदी व्हायला शीक, आणि हा आनंद उथळ हसण्याचा नाही, तो गंभीर असतो. योग्य ते केल्याची जाणीव हाच त्याचा उगम. म्हणून तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही, आणि म्हणूनच तो काही न करता मिळतही नाही.

विसाव्या शतकात या विचाराची एक बाजू तपासून पाहिली गेली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि तिचे श्रेय उघडपणे एपिक्टेटसला दिले. माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, घटनेविषयीची त्याची ठाम समजूत अस्वस्थ करते, हा त्या पद्धतीचा पाया. मराठी वाचकांना एलिस अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे परिचित आहेत. अ‍ॅरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये नैराश्याच्या उपचारावर लिहिलेल्या ग्रंथातही आपल्या पद्धतीचे मूळ स्टोइक तत्त्वज्ञांत असल्याचे नोंदवले आहे. प्रयोगशाळेतला पुरावा त्याहून नेमका आहे. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना किळस वाटेल अशी शस्त्रक्रियेची चित्रफीत दाखवली. काहींना सांगितले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितले, हे एका अभ्यासकाच्या तटस्थ नजरेने पाहा. चेहरा लपवणाऱ्यांना किळस इतरांइतकीच वाटली आणि त्यांच्या शरीरावरचा ताण उलट वाढला. पाहण्याची दृष्टी बदलणाऱ्यांना किळसच कमी वाटली. भावना दाबणे आणि निवाडा तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्टोइक दुसरीविषयी बोलत होते. दात-ओठ खाऊन गप्प बसणाऱ्याला आपण स्टोइक म्हणतो तेव्हा नेमके पहिलीचे कौतुक करत असतो.

मात्र मानसोपचाराने हत्यार घेतले आणि नीती मागे ठेवली, हेही ध्यानात ठेवायला हवे. उपचारतज्ज्ञ विचारतो, हा विचार खरा आहे का, उपयोगी आहे का? स्टोइक त्यापुढे विचारतो, या विचाराने तू न्यायाने वागशील का? अमेरिकी नौदलाचा वैमानिक जेम्स स्टॉकडेल 1965 मध्ये व्हिएतनामवर विमान पाडले गेल्यावर पकडला गेला आणि सात वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला, त्यातली चार वर्षे एकांतकोठडीत. एपिक्टेटसची पुस्तिका त्याने आधी स्टॅनफर्डमध्ये शिकताना वाचली होती. तिने त्याला सहनशक्ती दिली हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या कोठडीतून त्याने भिंतीवर ठोकून चालणाऱ्या सांकेतिक भाषेच्या आधारे इतर कैद्यांना एकत्र बांधले आणि छळाखाली कोणती मर्यादा पाळायची याचे नियम घालून दिले. प्रचाराच्या चित्रीकरणात आपला वापर होऊ नये म्हणून त्याने स्वतःचा चेहरा विद्रूप करून घेतला. ज्या युद्धात तो लढला त्याविषयी कोणाचे काहीही मत असो, मन हा आतला किल्ला असेल, तर तो त्याने लपायला वापरला नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप दुःखाचा, आणि तो सर्वांत जड आहे. एपिक्टेटस सांगतो, की मुलाचे चुंबन घेताना आपण एका मर्त्य जीवाचे चुंबन घेत आहोत याची आठवण ठेवावी, म्हणजे ते गेल्यावर मन ढळणार नाही. हे वाचून अनेकांनी पुस्तक मिटले असेल. स्टोइकांच्या स्वतःच्या आयुष्यातही हे पूर्ण जमलेले दिसत नाही. सेनेका एका पत्रात कबूल करतो, की जिवलग मित्र सेरेनस गेला तेव्हा तो स्वतः प्रमाणाबाहेर रडला, कारण आपल्याहून लहान असलेला मित्र आधी जाईल असे त्याच्या मनातही आले नव्हते. स्टोइक सम्राट मार्कस ऑरेलियसला डझनाहून अधिक मुले झाली आणि त्यातली बरीच बालपणीच गेली. त्याच्या आत्मचिंतनात मूल गमावण्याच्या भीतीचा उल्लेख आहे; मूल वाचावे याऐवजी ही भीती सुटावी अशी प्रार्थना कर, असे तो स्वतःला बजावतो. ज्याची भीती गेली आहे त्याला असे बजावावे लागत नाही. ऐनवेळचा धक्का सौम्य व्हावा म्हणून आधी विचार करून ठेवणे हा सल्ला शहाणपणाचा आहे. पण मूल गेले आणि बापाने 'माझे काही वाईट झाले नाही' असे मानावे, ही मागणी मला चुकीची वाटते. तिथे 'हे वाईट झाले' हा निवाडाच खरा आहे, आणि खऱ्या निवाड्याला संमती द्यायलाच हवी. दुःखाला निरोगी रूप असू शकते हे त्यांच्या वर्गीकरणाने नाकारले, त्याची ही किंमत.

याला लागूनच अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप येतो. चाकावर बांधून छळ चाललेला सज्जन सुखी आहे असे म्हणणारे निरर्थक बोलतात, असे त्याने झेनो शिकवू लागण्याआधीच स्पष्ट लिहून ठेवले होते. आधुनिक पाहण्या त्याच्या बाजूने बोलतात. 1978 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेल्या 22 आणि अपघाताने अपंगत्व आलेल्या 29 जणांची तुलना केली. तो अभ्यास 'परिस्थितीने सुखात फरक पडत नाही' याचा पुरावा म्हणून जगभर सांगितला जातो. प्रत्यक्षात लॉटरीवाले सामान्यांपेक्षा फारसे सुखी नव्हते हे खरे असले, तरी अपघातग्रस्त सामान्यांपेक्षा कमी सुखी होते. पुढे 2007 मध्ये रिचर्ड लुकास यांनी जर्मनी आणि ब्रिटनमधल्या अनेक वर्षांच्या पाहण्या तपासल्या, तेव्हा दीर्घकालीन अपंगत्वाने जीवनसमाधानात झालेली घट बहुतांशी भरून येत नाही असे आढळले. स्टोइक म्हणेल, तुम्ही मोजता ते वाटणे आहे. मी बोलतो ते नीट जगणे आहे. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. छळातही माणूस नीट वागू शकतो, आणि त्याच्या जीवनाची किंमत छळ करणाऱ्याच्या जीवनापेक्षा जास्त असते. पण त्याला काहीच कमी नाही असे म्हणणे ही ओढाताण आहे. सॉक्रेटिसचा मूळ युक्तिवाद अधिक टिकाऊ होता: धन, बळ, आरोग्य यांचा उपयोग कसा करायचा हे कळत नसेल तर तीच माणसाला बुडवतात. म्हणजे बाहेरच्या गोष्टींना किंमत आहे, आणि ती किंमत निवाड्याच्या हातून जाते. एवढे मान्य केले तरी स्टोइकांचा मोठा भाग उभा राहतो.

दुसरा आक्षेप: निवाडा तरी आपल्या हातात कुठे आहे? तोही घरदार, गरिबी, शिक्षण, आजारपण यांनी घडतो. क्रिसिपसला हा प्रश्न ठाऊक होता, कारण सगळे कार्यकारणाने बांधलेले आहे असे तो स्वतःच मानत होता. त्याचे उत्तर असे, की दंडगोलाला कोणी ढकलले तर सुरुवात बाहेरून होते, पण तो गडगडतो आपल्या आकारामुळे. ठसा बाहेरून येतो, संमती आपल्या घडणीतून येते, आणि घडण सरावाने बदलते. एपिक्टेटसची शाळा त्यासाठीच होती. तरीही मेंदूच्या आजाराने ज्याची ही क्षमताच झाकोळली आहे, त्याला 'तू चुकीच्या विचाराला संमती देतोस' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. त्याला आधी उपचार हवेत.

तिसरा आक्षेप सत्तेचा. बर्ट्रांड रसेल यांना या तत्त्वज्ञानात आंबट द्राक्षांची चव लागली होती: सुखी होता येत नाही, तेव्हा चांगले होऊ आणि सुखाची गरजच नाही असे मानू. त्याहून कडवा प्रश्न असा, की पिचलेल्याला 'तुझे सुख तुझ्या आत आहे' असे सांगणे मालकाच्या किती सोयीचे आहे. सेनेकाकडे पाहिले तर हा आक्षेप बळकट वाटतो. इ.स. 58 मध्ये सुइलियस नावाच्या माणसाने त्याच्यावर जाहीर आरोप केला, की सम्राट नीरोच्या मैत्रीच्या चार वर्षांत याने 30 कोटी सेस्टर्स जमवले. गुलामांशी माणुसकीने वागा, ते तुमच्यासारखेच जन्मले, तुमच्यासारखेच श्वास घेतात, असे सेनेकाने तळमळीने लिहिले. एपिक्टेटसने तर गुलामाला भाऊ म्हटले. पण गुलामगिरी बंद करा असे दोघांपैकी कोणी म्हटले नाही. इथे त्यांची बाजू घेता येत नाही. त्यांच्याच तर्काने त्यांना तिथवर जायला हवे होते. मात्र हे तत्त्वज्ञान सत्तेला सोयीचे होते असे सत्तेला स्वतःला वाटत नव्हते. नीरोच्या काळात स्टोइक सिनेटर थ्रासिया पीटसला मरण पत्करावे लागले, स्टोइक शिक्षक मुसोनियस रुफसला गायरॉस या उजाड बेटावर धाडले गेले. सम्राट व्हेस्पेशियनने स्टोइक हेल्विडियस प्रिस्कसला मारले. सिनेटमध्ये येऊ नकोस या सम्राटाच्या हुकमाला त्याने दिलेली निर्भय उत्तरे एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असे. ज्याच्याकडून काही हिरावून घेण्याची धमकी चालत नाही, तो माणूस हुकूमशहाला नको असतो. हाच मुसोनियस मुलींनाही मुलांसारखेच तत्त्वज्ञान शिकवावे असे पहिल्या शतकात सांगत होता. आणि दुसऱ्या शतकातल्या स्टोइक हिएरोक्लिसने स्वतः, कुटुंब, नातेवाईक, गाव, देश, मानवजात अशी वर्तुळे कल्पून बाहेरच्या वर्तुळातल्या माणसाला एकेक वर्तुळ आत ओढा, असे सांगितले. हे आतले सुख बंद खोलीतले असते तर या शिकवणीला जागा उरली नसती.

मराठी वाचकाला इथवर येताना गीतेतला स्थितप्रज्ञ आठवला असणार. साम्य खरेच आहे, आणि कर्म न सोडण्याचा आग्रहही दोन्हीकडे आहे. पण आधार वेगळे आहेत. अर्जुनाला धीर देताना आत्मा जन्मत नाही आणि मरत नाही हे आधी सांगितले जाते. स्टोइकांना असा अमर आत्मा माहीत नाही. त्यांच्या मते मन हेही सूक्ष्म द्रव्यच आहे आणि ते कायम टिकणारे नाही. मार्कस तर मृत्यूनंतर सारे विखुरते ही शक्यता गृहीत धरून स्वतःला नीट वागायला सांगतो. मरणोत्तर काही मिळेल की नाही हा प्रश्न बाजूला ठेवूनही नीतीला आणि शांतीला पाया देता येतो, हा त्यांचा विशेष परलोकावर श्रद्धा नसलेल्या वाचकाला अधिक उपयोगी पडेल.

माझ्या मते, सद्गुण असला की सुखासाठी आणखी काहीच लागत नाही, हा त्यांचा टोकाचा दावा सोडून द्यावा, आणि दुःखाविषयीची त्यांची कठोर शिकवण सेनेकाच्या अश्रूंसह वाचावी. ठसा आणि संमती यांतले अंतर ओळखण्याची त्यांची पद्धत मात्र तावूनसुलाखून निघालेली आहे, आणि ती न्यायाने वागण्याशी बांधलेली ठेवली तरच ती स्टोइक राहते. कामाचे तास असह्य झालेल्या कर्मचाऱ्याला मनःशांतीची कार्यशाळा देऊन तास तसेच ठेवणाऱ्यांना या पंथाचा आधार घेता येणार नाही. ज्यांना हा विचार मुळातून पाहायचा आहे त्यांनी सुटे सुविचार वाचण्यावर थांबू नये. मार्कसपासून सुरुवात न करता एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पहिला खंड सलग वाचावा, कारण मार्कस स्वतःशी बोलतो आणि एपिक्टेटस समोरच्याशी वाद घालतो, आक्षेप घेऊ देतो. एलिझाबेथ कार्टर यांनी 1758 मध्ये केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आणि नंतरचा जॉर्ज लाँग यांचा अनुवाद, दोन्ही आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात.